ओढ कुठून लागते

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात ग्रँड जंक्शन नावाचं एक लहानसं गाव आहे. गावाजवळच्या एम्स प्लँटेशन या अफाट जमिनीवर शंभराहून अधिक वर्षं शिकारी कुत्र्यांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरत आली आहे. फेब्रुवारीची थंडी, घोड्यावर बसलेले पंच, घोड्यावरच बसलेले प्रेक्षक, आणि त्यांच्या कितीतरी पुढे गवता-झुडपांतून धावणारी दोन कुत्री. एका फेरीला तीन तास. त्या तीन तासांत कुत्र्याने धावत राहायचं, आपल्याकडच्या लाव्यांसारख्या दिसणाऱ्या बॉबव्हाइट पक्ष्यांचा थवा वासावरून हुडकायचा, आणि सापडला की असेल त्या स्थितीत थांबायचं. पुढचा पाय उचललेला असेल तर उचललेलाच. त्याला घेऊन आलेला प्रशिक्षक घोड्यावरून उतरतो, पक्षी उडवतो, पिस्तुलातून फुसका बार काढतो, तरी कुत्र्याने हलता कामा नये. पक्षी कुणी मारत नाही. बार झाला की कुत्रं पुन्हा सुटतं.

मेरी माँट्रोज नावाच्या पॉइंटर जातीच्या मादीने ही स्पर्धा १९१७, १९१९ आणि १९२० अशी तीनदा जिंकली. तीन वेळा जिंकणारी ती पहिली. १८७४ साली मेम्फिसजवळ अशा कुत्र्यांची पहिली चाचणी झाली, तेव्हापासून त्यांच्या रक्ताबद्दल, वंशावळींबद्दल आणि नाकाबद्दल अमेरिकेत सतत लिहिलं जातं. पण नाक एकटं काम करत नाही. दमलेलं कुत्रं तोंडाने धापा टाकतं आणि धापा टाकणाऱ्या कुत्र्याला वास कमी लागतो. पहिल्या तासात सगळीच गुणी दिसतात. खरी निवड तिसऱ्या तासात होते, आणि तो तिसरा तास फेब्रुवारीत नव्हे, जुलैत तयार करावा लागतो.

जुलैत जॉर्जियाच्या दक्षिण टोकाला, थॉमसव्हिलच्या आसपास, पहाटेसुद्धा सदरा अंगाला चिकटतो. हा सगळा भाग उंच पाइनच्या विरळ जंगलांचा आणि बॉबव्हाइटच्या शिकारीसाठी राखलेल्या मोठाल्या जमिनींचा. हिवाळ्यात इथे काही ठिकाणी आजही खेचरांच्या गाडीतून शिकारीला निघतात. गाडीतल्या पेट्यांत कुत्री, वरच्या बाकांवर पाहुणे. याच भागातला एक प्रशिक्षक इथल्या गोष्टीत आहे. साठीकडे झुकलेला, बोलायला तुटक. त्याचे वडील अशाच एका जमिनीवर कुत्री सांभाळायच्या कामाला होते. तो स्वतः दुसऱ्यांची कुत्री महिन्याच्या बोलीवर ठेवून घेतो, उन्हाळ्यात त्यांना मजबूत करतो, जुलै सरता सरता घोडे आणि कुत्री ट्रेलरमध्ये भरून उत्तरेला नॉर्थ डकोटाच्या गवताळ माळांवर नेतो आणि थंडी पडली की परत येतो.

मजबूत करण्याच्या या कामाला तिकडे रोडिंग म्हणतात. कुत्र्याच्या अंगावर हार्नेस चढवायचा, त्याच्या कडीत दोर अडकवायचा, दोराचं दुसरं टोक खोगिराला बांधायचं आणि घोडा पावलाने चालवायचा. कुत्र्याला धावायचं असतं, घोडा धावू देत नाही. मग कुत्रं छाती टाकून ओढतं. काही आठवड्यांनी मांड्या भरतात, पाठ घट्ट होते, दम वाढतो. हल्ली पुष्कळ जण घोड्याऐवजी चारचाकी एटीव्ही वापरतात. तिला दोन्ही बाजूंना लोखंडी दांडे लावतात आणि एकेका दांड्याला दोन-तीन कुत्री जोडतात. तिसरी पद्धत साखळीची. कुत्र्याच्या मागे जमिनीवर लोळणारी साखळी बांधून त्याला सोडून द्यायचं किंवा सोबत चालवायचं.

हा प्रशिक्षक अजून घोड्यावरच आहे. गाडीच्या धुरात कुत्र्यांना तासभर चालवणं त्याला पटत नाही. शिवाय त्याच्या मते घोड्याला कुत्र्याची चूक कळते, इंजिनाला कळत नाही. हे मत भावनेचं वाटेल, पण त्यात तथ्य आहे. कुत्रं अडखळलं, दोरात पाय गुंतला, तर सवयीचा घोडा आपोआप थांबतो.

एका उन्हाळ्यात त्याच्याकडे डॉट आली. तीन वर्षांची पॉइंटर, पांढरं अंग, तपकिरी कान, उजव्या डोळ्यावर एक गोल डाग, वजन बावीस-तेवीस किलो. नाकाने तीक्ष्ण आणि सुसाट. मात्र मागच्या मोसमात दोन तास उलटले की तिची झेप आखूड व्हायची आणि उंच उभी राहणारी शेपूट खाली यायची. मालक शहरात राहणारा, कुत्र्यावर जीव असलेला, आणि वस्तूंवर खर्च करायला मागेपुढे न बघणारा. डॉटसोबत त्याने एक नवाकोरा हार्नेसही पाठवला होता: मऊ अस्तराचा, पाठीवर उचलायला मूठ असलेला, चकाकत्या पट्ट्यांचा.

प्रशिक्षकाने तो तिला घातला, फाटकापासून तबेल्यापर्यंत एकदा चालवलं आणि काढून खुंटीला लावला.

कारण समजायला कुत्र्याचा खांदा समजून घ्यावा लागतो. माणसाच्या खांद्याला छातीशी जोडणारं हासळीचं हाड असतं. कुत्र्यात ते नावापुरतं उरलेलं असतं. पुढचा पाय धडाला हाडाने जोडलेलाच नसतो. फरा बरगड्यांवर स्नायूंनीच धरून ठेवलेला असतो आणि प्रत्येक पावलागणिक तो पुढेमागे फिरतो. शरीराच्या वजनातला सुमारे साठ टक्के भाग उभ्या कुत्र्याच्या पुढच्या पायांवर असतो. त्या हार्नेसचा एक पट्टा छातीवरून आडवा जात होता आणि दोन्ही बाजूंना थेट खांद्याच्या सांध्यावर बसत होता. फिरायला नेताना, सैल दोरीला, एखाद्या घरच्या कुत्र्याला त्याचा फारसा त्रास होणार नाही. पण ओढायला लावलं की सगळी ओढ त्या आडव्या पट्ट्यावर येते, आणि पाय पुढे टाकायचा त्याच क्षणी पट्टा सांध्याला मागे रेटतो. ज्या कुत्रीची तक्रारच मुळी झेप आखूड होण्याची, तिला आखूड पावलं टाकायचीच सवय लावणारा हा साज.

बरं, दुखतं ते कुत्री सांगणार नाही. या धंद्यातली अडचण हीच आहे, आणि हार्नेस निवडताना प्रशिक्षक जे काही करतो त्याच्या मुळाशीही हीच आहे. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला जू आणि खांदा यांचं नातं वेगळं सांगायला नको. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपाने मळतात ते नुसत्या कौतुकापोटी नाही. वर्षभर जू कुठे आणि कसं बसलं याची नोंद त्या खांद्यावर असते. जू चुकलं तर खांदा सुजतो, आवाळू येतं, आणि बैल शेवटी अडून बसतो. पॉइंटर अडून बसत नाही. पिढ्यान् पिढ्या माणसांनी त्याच कुत्र्यांची पैदास केली जी थांबली नाहीत. काखेतलं कातडं सोलवटून निघालं तरी समोर माळ दिसला की ती ओढतच राहतात, शेपूट हलवत. त्यामुळे दुखतं की नाही हे कुत्र्याच्या उत्साहावरून ठरवायचं नाही, असा प्रशिक्षकाचा दंडक आहे. केनेलमध्ये कामाला येणाऱ्या नव्या पोराला तो पहिल्यांदा हेच शिकवतो.

दुसरा हार्नेस त्याने तबेल्यातूनच काढला. बर्फावर घसरगाडी ओढणारी कुत्री घालतात तसला, पाठीवर पट्ट्यांची फुली असलेला आणि दोर शेपटीच्या मुळाशी जोडायचा. खांदे मोकळे, छातीवर उत्तम बसणारा, हलका. अलास्कातले लोक हजार मैलांच्या शर्यतीत हाच वापरतात, तर थॉमसव्हिलला का नको? अनेक हौशी मालक याच तर्काने तो विकत घेतात.

नको, कारण ओढ कुठून लागते ते बदललेलं असतं. घसरगाडी जमिनीवर असते, कुत्र्यापेक्षा खाली. दोर कुत्र्याच्या पाठीकडून मागे, किंचित उतरत जातो, आणि फुलीचा हार्नेस त्याच रेषेसाठी बेतलेला आहे. खोगीर असतं कुत्र्याच्या डोक्याच्या कितीतरी वर. दोर कुत्र्याकडून मागे आणि वर चढतो. शेपटीजवळ बांधलेली कडी वर उचलली जाते, मागचा भाग हलका होतो, मागच्या पायांना जमिनीत रेटा देता येत नाही, आणि पाठीवरचे पट्टे सैल पडून सगळा साज पुढे सरकत गळ्यापाशी जमा होतो. डॉटला तो घालून घोड्याला बांधलं तेव्हा अगदी तसंच झालं. ती ओढत होती खरी, पण मागचे पाय जमिनीला धड टेकत नव्हते, आणि गळ्यातून घरघर यायला लागली होती. ती घरघर ऐकली की प्रशिक्षक घोडा थांबवतो. पट्टा छातीच्या हाडावरून श्वासनळीवर चढल्याची ती खूण.

तोच हार्नेस साखळीसाठी मात्र त्याला आवडतो. साखळी जमिनीवर लोळते, ओढ खालून लागते, तिथे फुली चपखल बसते. एकाच कुत्र्याला दोन कामांसाठी दोन हार्नेस, हे ऐकून मालकांच्या कपाळाला आठ्या पडतात.

शेवटी उरला तो खास रोडिंगचा हार्नेस. दिसायला अगदीच ओबडधोबड. गळ्याभोवती रुंद पट्टा, तो पुढे छातीच्या हाडावर इंग्रजी वाय अक्षरासारखा एकत्र येतो, तिथून एक पट्टा पुढच्या दोन पायांमधून मागे जातो आणि घोड्याच्या तंगासारख्या बरगड्यांभोवतीच्या पट्ट्याला मिळतो. पाठीवर, फऱ्यांच्या थोडं मागे, एक जाड कडी. दोर वर चढतो तेव्हा ही कडी वर ओढली जाते, पण बरगड्यांभोवतीचा पट्टा तिला धरून ठेवतो. ओढ छातीच्या हाडावर आणि बरगड्यांवर वाटली जाते. मागचे पाय मोकळे राहतात. तरीही चढ फार असेल तर काही उपयोग नाही, म्हणून तो दोर लांब ठेवतो. कुत्रं जितकं पुढे, तितका दोर आडवा. फार लांब ठेवला तर तो घोड्याच्या पायात आणि पाइनच्या बुंध्यांना अडकतो, म्हणून त्यालाही मर्यादा आहे. किती लांब, हे तो मोजत नाही. घोड्यावर बसून दोराचा कोन बघतो आणि गाठ मागेपुढे करतो.

मापं मात्र तो काटेकोर घेतो, आणि कुत्रं चार पायांवर उभं असतानाच. बसलेल्या कुत्र्याची छाती वेगळी मोजली जाते. रोजचा पट्टा जिथे असतो तो मानेचा वरचा भाग. हार्नेसला लागतो तो मानेचा बुंधा, जिथे ती खांद्यांना मिळते. मग कोपरामागे छातीचा घेर. मग छातीच्या पुढच्या हाडापासून पाठीवरच्या कडीपर्यंतचं अंतर. पॉइंटरची छाती खोल आणि अरुंद असते, त्यामुळे वजनावरून ठरवलेले लहान-मध्यम-मोठा असले आकार तिला क्वचितच बसतात; घेराला नेमका असला तर गळ्याला ढगळ होतो. आपल्याकडे कारवान किंवा मुधोळ पाळणाऱ्यांना हा अनुभव असेल. ती कुत्री नजरेने माग काढणारी, पॉइंटर वासाने. भारतात वन्यजीव कायद्यामुळे आता शिकारीचा प्रश्नच उरत नाही. पण खोल छाती, बारीक कंबर आणि मानेपेक्षा निमुळतं डोकं यांचा त्रास तोच. पट्टा जरा सैल राहिला की कुत्रं मागे सरकून त्यातून अलगद बाहेर पडतं.

पट्ट्याखाली दोन बोटं आडवी जावीत आणि कोपर मागे गेलं तरी तंगाच्या पट्ट्याला लागू नये, एवढं झालं की घोड्यापर्यंत जायची परवानगी. वीस मिनिटांनी पुन्हा तपासणी. नायलॉन दवाने भिजलं की ताणतं, चामडंही ताणतं, आणि पहाटे नेमका बसलेला साज सूर्य वर येईपर्यंत सरकायला लागतो.

डॉटच्या बाबतीत त्याने आणखी एक केलं, जे त्याच्या वडिलांच्या काळात शक्य नव्हतं. मदतनीस पोराला फोन देऊन त्याने कुंपणाकडेने तिला दुडक्या चालीने पळवलं. एकदा बिनहार्नेसची, एकदा हार्नेस घालून पण दोराशिवाय, एकदा थोड्या ओढीवर. मग ते चित्रण संथ करून तिघांनी पाहिलं, कारण तोवर त्याची बायकोही चहाचा थर्मास घेऊन आली होती. पुढचा पंजा नाकाच्या रेषेपर्यंत पोचतो का, आणि दोन्ही पंजे सारखे पोचतात का, एवढंच बघायचं. हार्नेस घातल्यावर डॉटचा पंजा थोडा अलीकडे पडत होता. फार नाही, पण दिसण्याइतका.

याने तो चकित झाला नाही. २०१९ मध्ये ब्रिटनच्या व्हेटरनरी रेकॉर्ड या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. त्यात संशोधकांनी दोन तऱ्हेच्या हार्नेसमध्ये कुत्र्यांना चालवून-पळवून खांदा किती पुढे उघडतो ते मोजलं: एक छातीवर आडवा पट्टा असलेला आणि दुसरा खांदे मोकळे ठेवणारा म्हणून विकला जाणारा. दोन्हींत खांद्याचं उघडणं कमी झालं. गंमत अशी की मोकळ्या म्हणवणाऱ्यात ते जास्त कमी झालं. यावरून आडवा पट्टा चांगला ठरत नाही. त्या अभ्यासात कुत्री भार ओढत नव्हती, आणि ओढताना पट्टा कुठे रुततो हा प्रश्न निराळा आहे. पण जाहिरातीतल्या ‘पूर्ण मोकळीक’ या शब्दांवर किती विसंबायचं ते त्यातून समजतं. प्रशिक्षकाला हा अभ्यास एका पशुवैद्याने सांगितला होता. त्याने त्यातून काढलेला अर्थ व्यवहारी होता: हार्नेस हा ओढण्यापुरताच अंगावर असावा. ओढ संपली की काढायचा, आणि मग कुत्रीला रिकाम्या अंगाने पळू द्यायचं, म्हणजे पूर्ण झेप घ्यायची तिची सवय मोडत नाही. हार्नेस घालूनच माळावर सोडून देणारे आळशी असतात असं तो म्हणतो. त्याच्या तोंडची ही सगळ्यात कडक शिवी.

बाकी तपासणी दुसऱ्या सकाळी, कुत्रं थंड असताना. छातीच्या हाडावर, काखेत, कोपरामागे तो हाताची पालथी बाजू फिरवतो, कारण तळहाताला घट्टे पडलेत आणि ऊब कळत नाही. तुटलेले केस आधी दिसतात, गुलाबी कातडं नंतर. डॉटच्या डाव्या काखेत केस तुटलेले सापडले, उजव्या काखेत नाहीत. हार्नेस वाकडा शिवलेला असेल असं कुणालाही वाटलं असतं. पण कारण दुसरं होतं. घोड्याच्या बाजूने बांधलेलं कुत्रं घोड्यापासून दूर, बाहेरच्या अंगाला झुकून ओढतं. शरीर तिरकं, पावलं तिरकी. डॉट रोज घोड्याच्या एकाच बाजूला होती, कारण दुसरी बाजू एका भांडकुदळ नराने बळकावली होती. पट्टा रोज एकाच दिशेने पिळला जात होता. मग नराची समजूत घालणं आलं. बाजू आलटून पालटून बांधायला लागल्यावर काख भरून आली. हार्नेस तोच राहिला.

साज कशाचा असावा यावर या लोकांत जितके वाद होतात तितके दुसऱ्या कशावर होत नसतील. चामडं अंगाला वळतं, पावसाने कडक होतं, तेल मागतं, आणि कंटाळलेलं कुत्रं ते चघळून टाकतं. नायलॉन स्वस्त, पण कडा धारदार असतात आणि आखूड केसांच्या कुत्र्याला त्या कापतात. बायोथेन म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेली पॉलिएस्टरची पट्टी. ती पाणी पीत नाही, वास धरत नाही, बादलीत बुडवून पुसली की झालं. ती वळायला हट्टी असते, म्हणून काखेजवळून जाणारा तुकडा अरुंद घ्यावा लागतो. प्रशिक्षकाकडे तिन्ही आहेत, आणि त्याचा कल बायोथेनकडे आहे. कड्या आणि चापाच्या बाबतीत मात्र तो ऐकत नाही: पितळ किंवा न गंजणारं पोलादच. ओढ सुरू असताना चाप तुटला तर रस्त्याकडे सुसाट गेलेली कुत्री शिट्टीने परतेलच असं नाही. ओढ असतानाही एका झटक्यात सुटणारा चाप तो दोराच्या खोगिराकडच्या टोकाला लावतो. घोडा बुजला तर कुत्री आधी मोकळी झाली पाहिजेत.

इलेक्ट्रॉनिक कॉलरबद्दल एक ओळ पुरे: हार्नेसच्या गळपट्टीखाली तिची दोन टोकं मानेत रुततात, म्हणून रोडिंगच्या वेळी ती काढायची.

अस्तराचा प्रश्न नॉर्थ डकोटात जाऊन बदलला. जॉर्जियात छातीच्या पट्ट्याला मेंढीच्या लोकरीचं अस्तर होतं. मऊ, काखेला सुखाचं, वाळायला मात्र दिवस घेणारं. उत्तरेच्या माळावर ते घेऊन जाणं म्हणजे संकटाला आमंत्रण. तिथे ऑगस्टात फॉक्सटेल बार्लीसारखी गवतं पिकलेली असतात आणि त्यांची कुसळं लोकरीत चिकटून बसतात. कुसळाला उलटे बारीक दात असतात. ते एकाच दिशेने सरकतं, पुढेच. लोकरीतून केसांत, केसांतून कातड्यात, आणि तिथून शरीरात कुठेही. शिकारी कुत्र्यांच्या छातीत, फुप्फुसांपर्यंत कुसळं पोचल्याची प्रकरणं तिथल्या पशुवैद्यांना नवीन नाहीत. दख्खनच्या माळावर मेंढरं राखणाऱ्यांना कुसळाचा काच ठाऊक असतोच. प्रशिक्षक उत्तरेला निघायच्या आधी सगळी लोकरीची अस्तरं सोडवून ठेवतो आणि तिथे गुळगुळीत पट्टा वापरतो, थोडा रुंद. रोज संध्याकाळी साज धुतो. डकोटात त्याची संध्याकाळ बरीचशी बादलीजवळ जाते.

उष्णतेचा हिशेब मात्र जॉर्जियातलाच. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. उष्णता बाहेर टाकायची ती मुख्यतः जिभेतून, धापेतून. दमट हवेत धापही नीट काम करत नाही. विश्रांतीत कुत्र्याचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ओढताना ते ४० च्या वर सहज जातं, आणि ४१ च्या पुढे चढतच राहिलं तर जिवाशी खेळ. जाड, फुगीर अस्तराचा हार्नेस नेमका छाती झाकतो. म्हणून जुलैत तो अरुंद साज, उजाडायच्या आधीची वेळ आणि वाटेत पाण्याची टाकी, हे तिन्ही एकत्र धरतो. जीभ टोकाला रुंद होऊन चमच्यासारखी वळली, हिरड्या गडद लाल दिसल्या, की काम बंद. पुढे किती अंतर ठरलेलं होतं याला अर्थ नाही.

साखळीचं गणित लोक फार चुकवतात. कुत्र्याच्या वजनाच्या इतके टक्के साखळी, असलं सूत्र मागतात. साखळी कुत्र्याच्या पाठीवर नसते, जमिनीवर असते. कुत्रं तिचं वजन उचलत नाही, घर्षण ओढतं. तीच साखळी कोरड्या गवतावर हलकी, मोकळ्या वाळूत जड, चिखलात नको नको. म्हणून प्रशिक्षक आधी नुसता हार्नेस, मग हलकी साखळी, आणि वाट बदलली की पुन्हा हलकी, अशा क्रमाने जातो. घाई कुत्र्याला असते. हृदय आणि स्नायू लवकर तयार होतात, पण हाडं आणि स्नायूबंध मागे राहतात, आणि दुखापत त्या मागे राहिलेल्यांना होते. वर्षाच्या आतल्या पिल्लाला तो ओझं लावतच नाही. हाडांची वाढ पुरी झालेली नसते. एका मालकाने सेटर जातीचा आठ महिन्यांचा देखणा कुत्रा आणून दिला, तेव्हा त्याने त्याला हार्नेस घालून फक्त अंगणात हिंडवलं. मालकाला वाटलं पैसे वाया गेले.

हिवाळ्यात डॉटने काय केलं? तीन तासांच्या एका फेरीत तिची झेप शेवटच्या अर्ध्या तासापर्यंत टिकली. मग ती मंदावली, पण शेपूट वर होती. निकालात तिचा नंबर आला नाही, कारण एका थव्याजवळ ती थांबायच्या आधी दोन पावलं जास्त गेली आणि पक्षी उडाले. त्याचा हार्नेसशी काही संबंध नाही. दम वाढला त्याचं श्रेयही एकट्या हार्नेसला देता येत नाही. खाणं बदललं होतं, त्यात चरबी वाढवली होती. ती एका वर्षाने मोठी आणि शहाणी झाली होती. त्या दिवशी हवाही थंड होती. मालकाला मात्र कारण सापडलं होतं. परत नेताना त्याने त्या बायोथेनच्या साजाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि अगदी असाच एक कुठे मिळेल म्हणून विचारलं.

“तुम्ही तिला कशाला बांधणार?” प्रशिक्षकाने विचारलं.

“सायकलला. आमच्याकडे घोडा कुठला?”

“दोर सायकलला कुठे बांधणार? हँडलखाली पुढे, की बाजूच्या दांड्याला?”

मालकाला ते ठरवायचं होतं. प्रशिक्षकाने डॉटला पुन्हा ट्रकमधून खाली उतरवलं, तिला चार पायांवर उभं केलं आणि खिशातून मोजपट्टी काढली. पुढे बांधली तर दोर जवळजवळ आडवा येईल, मग आखूड पाठीचा साज चालेल. बाजूला बांधली तर ती बाहेर झुकणार, मग तंगाचा पट्टा रुंद हवा आणि बाजू रोज बदलायला हवी. मालक म्हणाला, बाजू बदलता येणार नाही, वाहनं एकाच बाजूने जातात. यावर दोघांनी बराच वेळ डोकं घातलं. शेवटी सायकल पुढच्या आठवड्यात इथेच घेऊन यायची असं ठरलं.